सेवा, संसार आणि सलोखा : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची नावे आणि ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. चारही पत्रे ख्रिस्ती वाचकांची आणि घरातील माणसांविषयी आहेत, आणि ज्यांनी ती लिहिली त्यांचा विश्वास या माणसांच्या सहवासातच कसाला लागलेला आहे; म्हणून ती एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : प्रभूमध्ये सप्रेम सलाम. माझे पती एका तालुक्याच्या गावी पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, आहेत. मुख्य मंडळीखेरीज (म्हणजे चर्चखेरीज) आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील लहान मंडळ्यांचीही जबाबदारी त्यांच्याकडे आहे. सकाळी रुग्णभेटी, दुपारी कमिटीची कामे, संध्याकाळी कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, आणि रविवारी दोन ठिकाणी उपासना. मुले निजल्यावर ते घरी येतात. मुलीच्या दहावीच्या वर्षी तिच्याजवळ बसायलाही त्यांना सवड झाली नाही. मी बोलले की ते लूक १४:२६ उघडून दाखवतात आणि बायकोमुलांचा द्वेष केल्यावाचून प्रभूचा शिष्य होता येत नाही, असे म्हणतात. मी देवाच्या कामात अडथळा आणते आहे का? (एक पाळकीणबाई, मराठवाडा)

उत्तर : ताई, तुम्ही अडथळा आणत नाही. पाळकसाहेबांच्या सेवेचा जो भाग घरी करायचा राहून गेला आहे, त्याची आठवण तुम्ही करून देत आहात, आणि ती करून देण्याचा अधिकार तुमच्याइतका दुसऱ्या कोणालाही नाही.

लूक १४:२६ हे वचन प्रभूने आपल्यामागून चाललेल्या मोठ्या समुदायाला उद्देशून उच्चारले. मत्तयाच्या शुभवर्तमानात (१०:३७) हीच शिकवण प्रभूपेक्षा आईबापांवर किंवा मुलांवर अधिक प्रीती करणाऱ्याविषयी आहे, आणि तिच्यावरून या कठोर शब्दाचा रोख समजतो. ख्रिस्ताला सोड, नाहीतर घर सोड, असे कोणी म्हणू लागले तर शिष्याने कोणाची बाजू धरावी, हे तेथे सांगितले आहे. प्रार्थनासभेला जावे की मुलीच्या अभ्यासाशी बसावे, ही त्या प्रकारची निवड नव्हे. मुलीजवळ बसल्याने ख्रिस्ताला कोणी सोडत नाही. शिवाय ज्या प्रभूने हे वचन दिले, त्यानेच मार्क ७:९-१३ मध्ये परूश्यांना, म्हणजे त्या काळच्या कर्मठ यहूदी पंथीयांना, फार स्पष्ट शब्दांत दोष दिला. आईबापांना जे द्यायचे ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करून मुलगा आपल्या कर्तव्यातून मोकळा होत असे आणि धर्मशास्त्री त्याला संमती देत. अशा रूढीने तुम्ही देवाचे वचन रद्द करता, असे प्रभू त्यांना म्हणाला. घरच्या माणसांचे जे देणे लागतो, ते देवाच्या नावावर टाकून चुकवता येत नाही, ही ख्रिस्ताची शिकवण आहे. आणि सेवेत असणाऱ्यांनी ती इतरांपेक्षा अधिक जपली पाहिजे, कारण हे कारण पुढे करण्याची सोय त्यांनाच सर्वांत अधिक असते.

निर्गमाचा अठरावा अध्याय तुम्ही उभयतांनी एकत्र बसून वाचावा, असे मी सुचवतो. सासरा इथ्रो याने मोशेला न्यायनिवाड्याचे काम वाटून देण्याचा सल्ला दिला, एवढे आपल्याला ठाऊक असते. परंतु तो मोशेकडे कशासाठी आला होता, हे सहसा सांगितले जात नाही. मोशेने माहेरी पाठवून दिलेली पत्नी सिप्पोरा आणि गेर्षोम व अलियेजर ही दोन मुले यांना घेऊन इथ्रो रानात आला होता. पत्नी व मुले पुन्हा मोशेजवळ आली, आणि दुसऱ्याच दिवशी सासऱ्याने पाहिले की, जावई सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांनी वेढलेला आहे. तू करतोस ते ठीक नाही, तू आणि हे लोकही थकून जातील, असे तो म्हणाला. मोशेने रागावून आपल्या पाचारणाचा दाखला दिला नाही; त्याने सासऱ्याचे ऐकले आणि हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर व दहांवर नायक नेमले. प्रेषितांनीही यरुशलेमेत विधवांच्या रोजच्या वाटणीचा प्रश्न निघाल्यावर सात जण निवडून घेतले (प्रेषितांची कृत्ये ६). काम वाटून देणे हा आळस नव्हे, आणि जी मंडळी आपल्या पाळकाशिवाय एक प्रार्थनासभाही चालवू शकत नाही, तिचे शिक्षण अपुरे राहिले आहे, असे मी समजतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती समाजावर ज्यांचे ऋण आहे, त्या इंग्रज मिशनरी विल्यम केरी यांच्या घरची कहाणीही येथे सांगितली पाहिजे. बंगालमधील श्रीरामपूरहून १८०५ साली मत्तयाचे मराठी शुभवर्तमान आणि १८११ साली मराठी नवा करार छापून निघाला. मराठीचे व्याकरण व कोश यांवरही केरींचे नाव आहे. १७९३ साली ते इंग्लंडहून निघाले तेव्हा त्यांच्या पत्नी डॉरथी यांना यायचे नव्हते. कडेवर काही आठवड्यांचे मूल होते. बहीण सोबत येत असेल तरच येईन, या अटीवर त्या अखेर निघाल्या. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर आजाराने गेला, आणि त्यानंतर डॉरथींचे मानसिक संतुलन ढळले ते १८०७ साली मृत्यू येईपर्यंत सावरले नाही. शेजारच्या खोलीत भाषांतराचे काम चालू असे आणि त्या आजाराने खचत होत्या. आपल्याला मिळालेल्या मराठी शुभवर्तमानाची किंमत केवळ केरींनी दिली नाही, ती डॉरथींनीही दिली, आणि त्यांची संमती कोणी मनापासून विचारली होती, असे दिसत नाही. हे लिहिताना केरींची थोरवी कमी करण्याचा हेतू नाही. मिशनच्या इतिहासात पत्नींच्या वाट्याला जे आले ते आपण फार काळ एखाद्या ओळीत उरकले, आणि म्हणून आजच्या पाळकीणबाईंचे दुःखही मंडळीला दिसत नाही, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता व्यवहाराचे. आठवड्यातील एक पूर्ण संध्याकाळ आणि एक दिवस घरासाठी ठरवून घ्या, आणि तो मंडळीत जाहीर करण्याची विनंती पाळकसाहेबांना करा. जाहीर न केलेली सुट्टी पहिल्याच दूरध्वनीला मोडते. अंत्यविधी किंवा गंभीर आजार असा प्रसंग आला तर ती अर्थातच मोडावी. तुमच्याकडून महिला मंडळ, संडे स्कूल, पाहुण्यांचे जेवण अशी कामे न विचारता गृहीत धरली जात असतील, तर त्यांतील कोणती तुम्ही आनंदाने करता आणि कोणती नाही, हेही पतीला सांगा. प्रेषित पौल १ तीमथ्य ३:४-५ मध्ये विचारतो की, ज्याला आपल्या घराची व्यवस्था पाहता येत नाही, तो देवाच्या मंडळीचा सांभाळ कसा करील? हा प्रश्न पाळकाला जितका लागू आहे तितकाच पाळकाला उसंत न देणाऱ्या कमिटीलाही आहे. तुमच्या मंडळीच्या वडिलांपैकी एखाद्या समंजस जोडप्याशी तुम्ही बोलावे. ही तक्रार केली असे समजू नये.

प्रश्न : आम्ही वसईचे कॅथलिक. वडिलांच्या मृत्यूनंतर वाडी आणि घर यांच्या वाटणीवरून माझे थोरल्या भावाशी भांडण झाले, आणि आता आमचे बोलणे बंद आहे. दोघेही दर रविवारी एकाच चर्चमध्ये मिस्साला जातो, कम्युनियन घेतो, पण शांतीची देवाणघेवाण करताना एकमेकांकडे पाहत नाही. आई म्हणते, तू लहान आहेस, तू माघार घे. हक्क सोडणे म्हणजेच ख्रिस्ती क्षमा का? (एक वाचक, वसई)

उत्तर : हक्क सोडणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्षमा तुम्ही आजच करू शकता. जमिनीची वाटणी कागद पाहून, शांतपणे आणि वेळ घेऊन करायची असते. मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो की, वेदीपाशी दान आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर दान तेथेच ठेवून आधी समेट करावा. कोणाचे चुकले, याची चौकशी त्या वचनात नाही. ज्याला आठवले त्याने उठायचे आहे. तेव्हा आईने तुमच्या वयाचा दाखला दिला असला तरी पहिले पाऊल टाकण्याचे खरे कारण वय नव्हे, तुम्हाला आठवले आहे हे होय. भावाकडे जा, आणि त्या भेटीत वाडीचा विषय काढू नका.

वाटणीविषयी मात्र एक गोष्ट तुमच्या पत्रात नाही आणि ती मला विचारावीशी वाटते. तुम्हाला बहीण आहे का? वडिलांनी मृत्युपत्र केले नसेल तर ख्रिस्ती कुटुंबाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार अधिनियम लागू होतो. त्याप्रमाणे विधवेला एकतृतीयांश आणि उरलेल्या दोनतृतीयांशात सर्व मुलांना सारखा वाटा मिळतो. मुलगा आणि मुलगी असा भेद त्यात नाही. जमिनीचे भाव चढल्यापासून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घ्यायची, साडीचोळी देऊन तिची पाठवणी करायची आणि मग भावाभावांनी न्यायासाठी भांडायचे, असे प्रकार आपल्या समाजात होतात. एका माणसाने प्रभूला, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा, असे म्हटले तेव्हा प्रभूने वाटणीदार होण्याचे नाकारले आणि लोभापासून सांभाळा, असा इशारा दिला (लूक १२:१३-१५). तुमचा वाटा घेण्यात लोभ नाही. आईचा किंवा बहिणीचा वाटा हिशेबात न धरता आपला वाटा मोठा मानणे, हा लोभ आहे. भाऊ भेटल्यावर पुढच्या बैठकीला आईला आणि बहीण असल्यास तिलाही बोलवा, आणि तुमच्या धर्मग्रामातील फादरांना किंवा दोघांचाही विश्वास असलेल्या वकिलाला मध्यस्थ घ्या.

प्रश्न : माझे सासर हिंदू आहे. लग्नानंतर शेजारणीबरोबर प्रार्थनेला जाऊ लागले आणि प्रभूवर माझा विश्वास बसला. पती अडवत नाहीत, पण त्यांना हा मार्ग घ्यायचा नाही. आमच्याकडे गौरी-गणपती असतात. नैवेद्याचा सगळा स्वयंपाक माझ्याकडे असतो. मंडळीतील काही भगिनी म्हणतात की, त्या दिवसांत स्वयंपाकघरात पाऊल टाकू नकोस, आणि बाप्तिस्मा घरी न सांगता घेऊन टाक. सासूबाई मनाने चांगल्या आहेत, पण मी परकी झाले असे त्यांना वाटते. मी काय करू? (एक भगिनी, सातारा जिल्हा)

उत्तर : ताई, बाप्तिस्म्याचे आधी सांगतो, कारण त्यात घाई झाली तर ती भरून काढणे कठीण जाते. घरी न सांगता घेऊ नका. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो पत्नीला विश्वासात न घेता. लक्ष्मीबाईंवर त्या बातमीने जो आघात झाला, त्याने त्या जवळजवळ वेड्या झाल्या होत्या, आणि काही वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. पुढे लक्ष्मीबाई मुलाला घेऊन टिळकांकडे राहायला आल्या त्या आपल्या सोवळ्याओवळ्यासह आल्या. टिळकांनी त्यांच्यावर सक्ती केली नाही, त्यांना त्यांच्या रीतीने राहू दिले, आणि १९०० साली लक्ष्मीबाईंनी स्वतःच्या मनाने बाप्तिस्मा घेतला. टिळकांची पहिली कृती आणि नंतरचे वागणे यांतून मला शिकावेसे वाटते ते नंतरचे वागणे. तुमचे पती अडवत नाहीत, हा मोठा विश्वास त्यांनी तुमच्यावर टाकला आहे. तो गुप्ततेने मोडू नका. त्यांना सांगा, थोडे थांबावे लागले तर थांबा, आणि शक्य असेल तर त्या दिवशी त्यांनाच सोबत बोलवा.

पौल १ करिंथ ७:१२-१४ मध्ये सांगतो की, विश्वास न ठेवणारा पती नांदायला राजी असेल तर पत्नीने त्याला सोडू नये, आणि असा पती पत्नीच्या ठायी पवित्र झालेला आहे. तुमचे घर अपवित्र आणि मंडळी पवित्र, अशी वाटणी पौल करत नाही. पेत्रही (१ पेत्र ३:१-२) अशा पत्नींना शब्दांवाचून, आचरणाने पतींची मने जिंकण्याविषयी लिहितो.

राहिला गौरी-गणपतीचा प्रश्न. या बाबतीत प्रामाणिक विश्वासणाऱ्यांची मते वेगवेगळी आहेत, हे मान्य करूनच माझे मत देतो. तुम्ही स्वयंपाक करावा. पुरण शिजवणे, भाज्या चिरणे, आलेल्यागेलेल्यांना वाढणे हे घरच्या सुनेचे काम आहे, ती तुमची उपासना नव्हे. आरती करणे, पूजा सांगणे, नैवेद्य दाखवणे हे मात्र तुमच्या अंतःकरणाला खोटे वाटत असेल तर नम्रपणे नाकारावे. त्यासाठी राजे दुसरे पुस्तक ५:१७-१९ वाचा. अरामी सेनापती नामान परमेश्वराचा भक्त होऊन आपल्या देशी परत निघाला तेव्हा, माझा धनी माझ्या हातावर टेकून रिम्मोनाच्या देवळात जाईल आणि मलाही त्याच्याबरोबर वाकावे लागेल, त्याची मला क्षमा व्हावी, असे तो अलीशा संदेष्ट्याला म्हणाला. अलीशाने त्याला धाक घातला नाही. शांतीने जा, असे म्हटले. प्रसादाविषयी १ करिंथ १०:२७-२९ मध्ये पौलाने दोन्ही बाजू सांगितल्या आहेत आणि इतरांच्या विवेकभावाचा विचार करायला लावला आहे. तुम्ही खाल्ला नाही तर का खात नाही, हे सासूबाईंना एकांतात सांगा, पंक्तीत पाहुण्यांपुढे सांगू नका.

आणि हे सगळे सणाच्या आदल्या रात्री काढू नका. श्रावणातच त्यांच्याजवळ बसा. मी तुमची सून आहे, राबायला मागे हटणार नाही, फक्त आरतीच्या वेळी मला उभे राहायला सांगू नका, एवढे बोला. तुम्हाला स्वयंपाकघराबाहेर राहायला सांगणाऱ्या भगिनींची कळकळ खरी असेल. पण सण झाल्यावर त्या आपापल्या घरी जातील आणि सासूबाईंच्या डोळ्यांतले पाणी तुम्हाला एकटीला पाहावे लागेल.

प्रश्न : माझे पती मंडळीच्या कमिटीवर आहेत. घरी मला मारतात. पाळकांना सांगितले तेव्हा ते म्हणाले, पत्नीने पतीच्या अधीन असावे, तुम्ही उपवास करून प्रार्थना करा, देव त्यांना बदलेल. मी प्रार्थना करतेच आहे. ख्रिस्ती बाईने घर सोडणे पाप आहे का? (नाव नको)

उत्तर : नाही, ताई, पाप नाही. मार चुकवण्यासाठी घराबाहेर पडणे हे पाप नाही, पोलिसांत जाणे हे पाप नाही, आणि कोणा पाळकाने त्याला पाप म्हटले असेल तर त्याने शास्त्राचा आधार घेऊन शास्त्राविरुद्ध बोलले आहे, असे मी जबाबदारीने लिहितो.

इफिसकरांस पत्रातील पत्नींना उद्देशून असलेल्या वचनाच्या आधीच्याच वचनात (५:२१) सर्वांनी एकमेकांच्या अधीन असावे, असे आहे. त्यानंतर पतीकडे पौल वळतो तेव्हा त्याला दिलेली आज्ञा अधिक लांब आणि अधिक जड आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशी प्रीती कर, आपल्या शरीरासारखी तिची जोपासना कर. स्वतःच्या देहाचा कोणी कधी द्वेष करत नाही, असे तो म्हणतो. पेत्र तर पतीला बजावतो की, पत्नीला मान दे, नाहीतर तुझ्या प्रार्थनांत व्यत्यय येईल (१ पेत्र ३:७). म्हणजे तुम्हाला उपवास-प्रार्थना करायला सांगणाऱ्यांनी आधी तुमच्या पतीला सांगायला हवे होते की, त्यांच्या हाताने त्यांच्या स्वतःच्या प्रार्थना अडल्या आहेत. मलाखी २:१४-१६ मध्ये परमेश्वर पुरुष आणि त्याच्या तरुणपणची पत्नी यांच्यामध्ये साक्षी म्हणून उभा आहे, आणि जुलमाचा त्याला तिटकारा आहे. वेगळे राहावे लागलेल्या पत्नीचा उल्लेख पौल १ करिंथ ७:११ मध्ये करतो. तिला तो मंडळीबाहेर घालवत नाही.

कायदाही तुमच्या बाजूने आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. महिला व बालविकास विभागाच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार देता येते, आणि न्यायालय पतीला मारहाण करण्यास मनाई करणारा आदेश, खर्चाची रक्कम आणि त्याच घरात राहण्याचा हक्क देऊ शकते, मग घर कोणाच्याही नावावर असो. महिला हेल्पलाइनचा क्रमांक १८१ आहे. जिवाला धोका असेल त्या क्षणी ११२ लावा. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. ख्रिस्ती विवाहांसाठीच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात पूर्वी पत्नीला केवळ क्रूरतेच्या कारणावरून विवाहविच्छेद मिळत नसे. २००१ च्या दुरुस्तीने तो मिळू शकतो. विवाह न मोडता न्यायालयाकडून विभक्त राहण्याचा आदेश मागण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे, आणि विवाहविच्छेदास ज्यांचे मन तयार नाही अशा भगिनींनी ती वकिलाकडून समजून घ्यावी.

क्षमा तुम्ही केली असेल किंवा पुढे कराल, परंतु क्षमा केली म्हणून त्याच छताखाली परतणे बंधनकारक होत नाही. पती पश्चात्ताप झाल्याचे सांगतील. तो खरा असेल तर ते मंडळीपुढे नव्हे, आधी तुमच्यापुढे चूक कबूल करतील, समुपदेशन घेतील, दारू असेल तर तिचे उपचार घेतील, तुम्ही परत याल की नाही याची अट घालणार नाहीत, आणि हे काही महिने टिकेल. तोवर तुम्ही माहेरी किंवा सुरक्षित ठिकाणी राहा, जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करून घ्या, आणि विवाह नोंदणीचा दाखला, आधार कार्ड व मुलांची कागदपत्रे आपल्याजवळ ठेवा.

पाळकसाहेबांना आणि कमिटीला या पत्रातून विनंती आहे की, मत्तय १८:१५-१७ मधील रीत याच प्रसंगासाठी दिलेली आहे. पत्नीवर हात उचलणाऱ्या सभासदाला कमिटीवरून दूर करा, त्यांच्याशी दोघातिघांनी जाऊन बोला, आणि त्यांच्या पत्नीला भेटायला मंडळीतील दोन वडीलधाऱ्या भगिनींना याच आठवड्यात पाठवा.